ओल्या सारवणाच्या अलीकडे

आमच्या घराला दिवसभर बाहेरून कुलूप असायचं आणि आत आम्ही दोघी असायचो, सासूबाई आणि मी. किल्ली यांच्या कोटाच्या खिशात, आणि कोट पिंपरीच्या कारखान्यात, स्टोअरमधल्या खुंटीवर. सकाळी हे सायकल ओट्यावरून खाली उतरवायचे, कडी घालायचे, कुलूप लावायचे आणि एकदा ओढून पाहायचे. त्या ओढण्याचा मला फार राग यायचा. कुलूप लागलंय हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मग ओढायचं कशाला?

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. चिंचवड तेव्हा गावच होतं. पिंपरीच्या माळावर नव्या कारखान्यांच्या भिंती उठत होत्या आणि आमच्यासारखी माणसं कुठून कुठून येऊन गावात दोन-दोन खोल्या भाड्यानं घेत होती. आम्ही मूळचे वाईकडचे. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात काढली, तिथं मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. यांना स्टोअरमध्ये नोकरी लागली, तेव्हा माझी शाळा सुटली आणि आम्ही इथं आलो. मूलबाळ नव्हतं. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, मागं उंच भिंतीचं परसू, तिथंच मोरी आणि संडास. पाणी हे सकाळी भरून ठेवायचे. शेजारीच घरमालकिणीचं घर आणि तिच्या म्हशींचा गोठा.

थोरले दीर वारले आणि सासूबाईंना आमच्याकडे आणलं. गावाकडच्या घरात त्या विसरत होत्याच, पण तिथं निभत होतं. विहीर कुठं, चूल कुठं, गाय कुठं हे पायांना ठाऊक होतं. इथं पायांनाही काही ठाऊक नव्हतं. तिसरा प्रहर झाला की सुरू व्हायचं. "चल गं, घरी जाऊ. गाय यायची वेळ झाली." आधी सांगायच्या, मग विनवायच्या, मग दार धरून हलवायच्या. अडवलं तर मारायच्या. त्या आजाराला आमच्याकडे नाव नव्हतं. म्हातारचळ म्हणायचे आणि विषय संपवायचे.

एकदा मी परसात भांडी घासत असताना त्या निघून गेल्या आणि रेल्वेच्या फाटकापाशी सापडल्या. फाटकवाल्यानं त्यांना आपल्या खोलीच्या सावलीत बसवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी यांनी कुलूप आणलं.

"आणि मला बाहेर पडायचं असलं तर?" मी विचारलं.

"तुला कुठं पडायचंय?"

"आतून लावा. किल्ली मी ठेवते."

"आतल्या बाजूला कोयंडा कुठाय? आणि असता तरी आई तुझ्या कमरेची किल्ली हिसकून घेईल. परवा मनगटाला चावली ना?"

"मग मालकीणबाईंकडे ठेवा."

"भाड्याच्या घराची किल्ली मालकाच्या हातात? वा, छान."

कुठं पडायचंय याचं उत्तर माझ्याकडे होतं. गावातल्या मुलींच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर दुपारचा वर्ग निघणार होता, लहान मुलींचा. शाळेच्या मोठ्या बाई मला ओळखत होत्या. एका दुपारी त्या आमच्या खिडकीशी आल्या. त्या गजांच्या बाहेर, मी आत, अशा आम्ही बोललो.

"सुट्टी संपेपर्यंत जागा धरून ठेवते," त्या म्हणाल्या. "पुढं मात्र धरवणार नाही हं. अर्ज पुष्कळ आहेत."

"येते मी."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "कुलूप दिसतंय बाहेर."

"तोवर निघेल."

असं मी म्हटलं खरं. तेव्हा श्रावण चालू होता.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. बाटलीला खाचा पाडलेली कागदी पट्टी, रोज एक खाच. ते पोटात गेलं की सासूबाई शांत व्हायच्या, यात खोटं नाही. पण शांत म्हणजे तोंडात घास तसाच राहायचा, मान एका बाजूला कलायची आणि उभ्या राहिल्या की भिंत धरावी लागायची. एकदा मोरीच्या दगडावर पडल्या, कपाळाला खोक पडली. औषध उतरलं की राहिलेलं सगळं दुप्पट जोरानं बाहेर यायचं. मी बाटली माळ्यावर टाकली.

"डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?" हे म्हणाले.

"औषध घेतलं की त्या अंथरूण भिजवतात. ते मी धुते, डॉक्टर धूत नाहीत."

डॉक्टर भले होते. त्यांना कळवलं तर म्हणाले, "मानवत नसेल तर बंद करा. पण दुसरं माझ्याकडे काही नाही." म्हणजे दुसरं काय ते मलाच शोधायचं होतं, आणि शोधायला दोन खोल्या आणि एक परसू एवढीच जागा होती.

मी स्वभावानं खरं-खोटं करणारी. चुकीचं ऐकून घेणं मला जमत नाही. त्यामुळे रोज मी त्यांना समजावून सांगायची. आई, गाय विकली. आई, ते घर आता बंद आहे. आपण चिंचवडला आहोत. "गाय विकली? कोणी?" असं म्हणून त्या रडायला लागायच्या, खरोखरीच्या. डोळे पुसून झाले की पुन्हा, चल गं, गाय यायची वेळ झाली. मी पुन्हा गाय विकायची. एक दिवस मालकीणबाई खिडकीतून भाजी देत होत्या, त्यांनी हे ऐकलं. मी त्यांना मावशी म्हणायची. वयानं माझ्याहून मोठ्या, गावातल्याच जुन्या शेतकरी घरातल्या, तोंडानं फटकळ.

"रोज तीच गाय काय इकताय वो मास्तरीणबाई?" त्या म्हणाल्या. "म्हातारीला रोज नवं सुतक."

"मग काय सांगू? खोटं?"

"काय बी नगा सांगू. गाय दूध किती देती, इचारा."

त्या दिवसापासून मी गाय विकायची बंद केली. गाय कशी होती, मारकी होती का, पहिली धार कोण काढायचं, असं विचारत राहिले. दार हलवणं थांबलं नाही, पण रडणं थांबलं. रडणाऱ्या माणसाशी झटापट करण्यापेक्षा नुसती झटापट बरी.

आंघोळीचा प्रश्न अचानक सुटला. रोज सकाळी मी पाणी काढून त्यांचा हात धरला की किंचाळायच्या, "शिवू नकोस! पारोशी कुठली!" बोचकारायच्या. सोवळंओवळं मी पुण्यातच सोडलं होतं आणि दोन खोल्यांत ते पाळायचं म्हटलं तरी कुठं पाळणार? पावसाची झड लागली आणि माझं एकही लुगडं वाळेना. आंघोळ झाल्यावर नेसायला काही नाही म्हणून मी त्यांच्या ट्रंकेतली सोवळ्याची धाबळी काढून गुंडाळली. लोकरीची, टोचरी, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी. तशी मी समोर गेले. त्यांनी वर पाहिलं आणि अगदी घरगुती आवाजात म्हणाल्या, "झाली का गं तुझी? मग माझं पाणी काढ." मोरीत येऊन बसल्या, पाठ पुढं केली. मला त्या कोण समजल्या कोण जाणे. बहुतेक त्यांची थोरली जाऊ. ती मी पाहिलेलीसुद्धा नाही. त्यानंतर रोज सकाळी मी ती धाबळी गुंडाळून जाऊ व्हायची. माझ्या अंगावर पुरळ आलं, पण बोचकारे थांबले.

हाताला काम हवं हेही कळत गेलं. जुनी गादी उसवून कापूस काढला आणि वाती वळायला दिल्या. देवाला लाख वाती वाहायचा नेम त्यांनी पूर्वी केव्हातरी केला असावा. "किती झाल्या गं?" विचारायच्या. "व्हायच्यात अजून," मी म्हणायची. दुपारभर वळायच्या. कापूस संपला की त्या पाठ फिरवून बसलेल्या असताना मी झालेल्या वाती उलगडून पुन्हा कापूस करून पुढं ठेवायची. देवाच्या कामात लबाडी, हे म्हणाले. मी म्हटलं, देवाला दिवसभर घरात कोंडा, मग विचारा.

तरी तिसऱ्या प्रहराचं काही सुटलं नव्हतं. ऊन कलून खिडकीतून भिंतीवर आलं की वाती बाजूला पडायच्या. त्या उठायच्या, मी दाराशी उभी राहायची. त्या दार हलवायच्या, बाहेरून कुलूप वाजायचं. एखाद्या दिवशी मी बाजूला होऊन त्यांच्याबरोबर ते दार हलवलं असतं तर मलाही हलकं वाटलं असतं.

आमच्या बाहेरच्या खोलीची भुई मातीची होती. आठवड्यानं सारवायची, सकाळी. मावशी गजांमधून शेणाचे गोळे द्यायच्या. एकदा त्यांनी शेण दिलं ते दुपार उलटल्यावर.

"सकाळी द्यायचं ना, मावशी."

"म्हस माझी हाय, तिचं पोट माझं न्हाई. घ्या गुमान."

मी पदर खोचला आणि सारवायला बसले. सारवताना बाई आतल्या भिंतीपासून सुरुवात करते आणि मागं सरकत सरकत दारातून बाहेर पडते. म्हणजे ओल्यावर आपलाच पाय पडत नाही. आईनं शिकवलं की आयुष्यभर हात तसाच चालतो. पण माझ्या दाराला कुलूप होतं. बाहेर पडणार कुठून? म्हणून मी उंबरठ्यापासून सुरू केलं आणि मागं सरकत स्वयंपाकघराकडे आले. मावशी खिडकीतून बघत होत्या.

"उलटं सारवताय व्हय?"

"सुलटं सारवून कुठं जाऊ?"

हात धुऊन मी वळले तोवर सासूबाई निघाल्या होत्या. वेळ झालीच होती. तरातरा आल्या, स्वयंपाकघराच्या दाराशी पोचल्या आणि थांबल्या. एकदम. लुगडं घोट्यावर उचललं, समोरच्या ओल्या भुईकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "आत्ताच सारवलंय वाटतं. वाळू दे." आणि तिथंच, स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला टेकून बसल्या.

मुलाचं नाव विसरलेली बाई. जेवले की नाही हे विसरणारी. पण ओल्या सारवणावर पाय द्यायचा नाही हे विसरली नव्हती. मी हळूच कापूस पुढं केला. पावसाळ्यातलं सारवण, वाळायला उशीर. ते वाळेपर्यंत मी कंदील लावला, भात टाकला, त्याचा वास घरभर झाला, आणि त्यांना भूक लागली. गाय यायची वेळ निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सारवलं. तिसऱ्याही दिवशी. दार वाजलं नाही. आठवड्यानं यांनी नाक उडवलं.

"हे घर आहे की गोठा? रोज काय सारवण?"

मी सांगितलं. ते हसले. "म्हणजे शेणाच्या भरवशावर मी कुलूप काढू?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. सुट्टीच्या दिवशी स्वतः बघा."

सुट्टीच्या दिवशी मी दार सताड उघडं ठेवलं आणि उंबरठ्यापासून आतपर्यंत सारवलं. हे ओट्यावर बसले, हाक मारल्यासरशी धरता येईल असे. सासूबाई आल्या. समोर उघडं दार, त्यापलीकडे रस्ता, रस्त्यानं बैलगाडी चाललेली. त्या ओल्या कडेशी थांबल्या. ओट्यावरच्या आपल्या मुलाकडे निरखून पाहिलं.

"बाहेरच थांबा हं," त्या म्हणाल्या. "सारवलंय. शिवाय घरात पुरुषमाणूस नाही."

"आई, मी आहे."

"असाल. वाळू दे."

सारवण वाळेपर्यंत ते ओट्यावर बसून राहिले. चहासुद्धा मी त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

कुलूप निघालं, पण अट घालून. दुपारी मावशींनी ओट्यावर बसायचं, आणि मी आत असायचं. म्हणजे दार उघडं झालं आणि मी होते तिथंच. मधे सारवण ओलं, मी अलीकडे. तेवढ्यानं काही शाळेत जाता येत नव्हतं. पण मावशींचं आणि सासूबाईंचं जमायला लागलं. मावशी ओट्यावर शेंगा सोलायच्या, सासूबाई आतल्या दारात वाती वळायच्या.

"कोण गं तू?"

"मी व्हय? शेणवाली."

"शिवू नकोस हो."

"शिवतीय कशाला म्हातारे, मधी तळं हाय की."

"जिभेला हाड नाही हिच्या," सासूबाई मला सांगायच्या. आणि मावशी एखाद्या दिवशी आल्या नाहीत तर, ती तोंडाळ कुठं गेली, म्हणून विचारायच्या. मी मनात हिशोब करत होते, की मावशी बाहेर आणि सासूबाई आत असं राहिलं, तर मी मधे नसले तरी चालेल. यांना ते बोलून पाहिलं. "आई तुझ्याशिवाय राहील? आंघोळ तुझ्याच हातची, घास तुझ्याच हातचा," ते म्हणाले. ते खरं होतं. जेवढं मला जमत गेलं तेवढं ते दुसऱ्या कोणाला जमेनासं झालं होतं. वर त्यात माझं कौतुकही व्हायचं.

दसरा होऊन गेला. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत मोठ्या बाईंना जाऊन हो म्हणायचं होतं. चिठ्ठी पाठवता आली असती, पण मला स्वतः जायचं होतं. मी दोन पावलं बाहेर टाकू शकते की नाही, हेच तर बघायचं होतं.

त्या दुपारी मी शेण कालवत असताना सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "पातळ झालं. आण इकडे." माझ्या हातातलं पोतेरं घेतलं, मूठभर माती घातली, बसल्या आणि सारवायला लागल्या. काय हात होता! एकसारखे अर्धगोल, एकाला एक लागून, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. मी बघत राहिले. वाटलं, हे आधी का सुचलं नाही, यांचं काम यांनाच द्यायचं. त्या गुंतलेल्या आहेत तेवढ्यात शाळेत जायला लुगडं बदलावं म्हणून मी आत गेले. ओट्यावर मावशी होत्या.

लुगडं नेसून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. भुई सगळी ओली, चकचकीत. सासूबाई ओट्यावर. मावशींचं रेडकू सुटलं होतं म्हणून त्या गोठ्याकडे पळाल्या होत्या.

मी इतके दिवस उलटं सारवत होते, की सुलटं कसं असतं याचा मला विसर पडला होता. सासूबाईंनी, सगळ्या बायका सारवतात तसं, आतल्या भिंतीपासून सुरू केलं आणि मागं सरकत दारातून बाहेर पडल्या. आता दोघींच्या मधे ओलं सारवण, त्या रस्त्याच्या बाजूला आणि मी आत.

मी हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. शेणाचा हात तसाच धरून त्या रस्त्याकडे बघत होत्या. मग पायरी उतरल्या, एक. आणि मी उभीच. माझा पाय पुढं पडेना. सासूबाईंना त्या कडेशी थांबलेलं मी रोज पाहत होते, आता माझेच पाय तसे थांबले होते. त्या दुसरी पायरी उतरल्या तेव्हा मी तसाच पाय टाकला आणि धावले. भुईत पचापच पाय उमटले.

ओट्यावर आले, पण त्यांना धरलं नाही. रस्त्यात धरलं की त्या किंचाळणार, चावणार, माणसं जमणार आणि संध्याकाळी कुलूप परत लागणार. मी नुसती उभी राहिले. माझ्या पायांचा आवाज ऐकून त्या वळल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या मागं, दारातून आत पाहिलं.

"कोणी गं हे? डोळे फुटले का? सगळ्या सारवणाचं वाटोळं केलं!"

ताडताड पायऱ्या चढल्या. मला कोपरानं बाजूला सारलं. उंबरठ्यात बसल्या आणि माझे भुईत उमटलेले पाय पुसायला लागल्या. पहिला उमटलेला पाय, मग दुसरा, मग तिसरा. माझी पावलं आतून बाहेर आली होती, त्यांच्या मागं मागं त्या बाहेरून आत गेल्या, दाराकडे तोंड करून मागं सरकत, आपलेही पाय पुसत, शिव्या देत, एकेक अर्धगोल बसवत. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचल्या, कंबर धरून उठल्या आणि भुईकडे बघत म्हणाल्या, "आता कोणी आलं तर तंगडं मोडीन."

मी ओट्यावर होते, बाहेर. त्या आत होत्या. पाय शेणानं भरलेले, लुगड्याचा काठ खराब झालेला.

मावशी रेडकू ओढत आल्या. "काय झालं वो?"

"काही नाही. तुम्ही इथं बसा. उठू नका हं आता. मी शाळेत जाऊन येते."

"अशीच? पाय तरी धुवा."

पाय धुवायला आत जावं लागलं असतं. मी तशीच निघाले. रस्त्यात लोक बघत होते की नाही ते मला माहीत नाही, मी इतक्या भरभर चालत होते. मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभी राहिले तेव्हा त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"हे काय?"

"सारवत होते. सुट्टीनंतर येते मी."

परत आले तर मावशी ओट्यावर आणि सासूबाई वाती वळत बसलेल्या. दोघींचं म्हशीवरून भांडण चाललं होतं.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं, पायऱ्या उतरल्या तेसुद्धा. मावशींनी पाहिलं नव्हतं, भुईवर खूण नव्हती, लपवता आलं असतं. पण उद्या पुन्हा तेच करायचं होतं. यांनी कोनाड्यातलं कुलूप हातात घेतलं.

"उद्यापासून परत लावतो."

"लावा. मग दुपारी सुट्टी काढून तुम्ही घरी बसा. मी शाळेत हो म्हणून आले आहे."

"मला विचारलं नाहीस."

"कुलूप लावताना तुम्ही मला विचारलं होतं?"

ते कुलूप कोनाड्यात ठेवून जेवायला उठले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आमच्या घरात याला होकार समजतात.

दिवाळीनंतर मी नोकरी धरली. रोज दुपारी जेवणं झाली की सासूबाईंना सारवायला द्यायची. त्या आपल्या पद्धतीनं आतून दारापर्यंत यायच्या आणि ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. मग मी शाळेचं लुगडं नेसून, पिशवी घेऊन, मुद्दाम ओल्यातून चालत बाहेर पडायची, पावलं नीट दाबून, दारापर्यंत. त्या किंचाळायच्या, माझ्या सात पिढ्या काढायच्या आणि पावलं पुसत पुसत आत जायच्या. मावशी ओट्यावर बसायच्या. ओट्यावरच्या बादलीत मी पाय धुवायची. कोपऱ्यापर्यंत शिव्या ऐकू यायच्या. शिव्या थांबल्या की समजायचं, पोचल्या आत.

वर्ग चांगला होता. मुली चुणचुणीत होत्या. मोठ्या बाई म्हणायच्या, तुमचं लक्ष खिडकीकडे फार. होतंच. थंडीतली हवा कोरडी, आणि कडक ऊन पडलं की सारवण भराभर वाळतं. मावशी बाहेरून हात लांबवून उंबरठ्याजवळचा पट्टा पुन्हा ओला करायच्या, पण त्यांना आठवण राहील की रेडकू सुटेल, याचा भरवसा नव्हता. मुली पाढे म्हणत असायच्या आणि मी आभाळात ढग शोधत असायची.